‘मिलिटरी ग्रेड’ लॅपटॉप, महागडा राउटर आणि पाटण खोऱ्यातलं घर

प्रश्न थोडक्यात असा: “माझं गाव पाटण तालुक्यात आहे. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. मीटिंग चालू असताना कॉल तुटतो, लाईट गेली की नेट जातं. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, पण वेग नव्वदच्या पुढे जात नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेला लॅपटॉप आणि मेश राउटरचा संच (घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) घ्यायचा विचार आहे. लष्करात नेटवर्कचं काम केलेली माणसं स्वतःसाठी काय घेतात? सीसीटीव्ही, स्मार्टवॉच, ट्रेकसाठी वॉकीटॉकी यांबद्दलही सांगा.”

लॅपटॉपवरच्या त्या दोन शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, आणि मेशची खरेदी सध्या थांबवा. आधी लाईट आणि वायर बघायची. का, ते नीट सांगतो.

मी आर्मीच्या सिग्नल्स कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत होतो. गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडल्यावर डोंगरात लाईन टाकली, रेडिओ संच चालवणाऱ्या छोट्या तुकडीत काम केलं, एक्स्चेंज सांभाळलं, आणि शेवटची वर्षं सर्व्हर आणि नेटवर्कवर काढली. तिथल्या यंत्रणांचे तपशील सांगण्याजोगे नाहीत आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही. तिथली सवय मात्र घरातही कामाला येते. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी विचारायचं, ही बंद पडली तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं? वेग, स्क्रीन, रंगरूप हे सगळं मागाहून.

‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द बहुतेक वेळा मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मानकावरून येतात. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची, सध्याची ‘८१०-एच’ २०१९ ची. हा चाचण्यांचा मोठा ग्रंथ आहे. उष्णता, थंडी, पाऊस, दमटपणा, खारी हवा, धूळ, थरथराट, आपटणं, प्रत्येकाची वेगळी पद्धत त्यात दिली आहे. कुठल्या चाचण्या आणि किती कडक घ्यायच्या हे वस्तू कुठे वापरली जाणार त्यावरून ठरवा, असं तो ग्रंथ स्वतःच सांगतो. त्यामुळे कंपनी आपल्याला हव्या तेवढ्या चाचण्या निवडते, आपणच घेते किंवा बाहेरून करून घेते, आणि खोक्यावर शिक्का मारते. त्यावर सही करणारी कुठलीही सरकारी संस्था नाही. पडण्याच्या चाचणीत वस्तू चार फुटांवरून सव्वीस वेळा टाकतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण हे सव्वीस वेळा पडणं पाच नगांत वाटून घ्यायची मुभा आहे. म्हणजे तुमच्या हातातला एक लॅपटॉप सव्वीस वेळा पडून टिकला, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्या सैन्यात अशा चाचण्यांसाठी ‘जेएसएस ५५५५५’ नावाचं मानक आहे, आणि तिथे कुठल्या चाचण्या हव्यात हे विकत घेणारा लिहून देतो. मोठा फरक इथे आहे. दुकानातला लॅपटॉप घेताना तुम्ही तसं काही लिहून दिलेलं नसतं.

पाण्यासाठी दिलेल्या ‘आयपी ६७’, ‘आयपी ६८’ या आकड्यांना जास्त अर्थ आहे, पण मर्यादेत. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. तेही नव्या कोऱ्या वस्तूचं. एकदा स्क्रीन बदलून घेतला की ते रबर आणि तो गोंद पूर्वीसारखा राहिला असं धरून चालू नका. थंडीचं म्हणाल तर कुठलाही शिक्का बॅटरीला वाचवत नाही. लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर आत धातूचा लिथियम साचतो आणि ती कायमची कमजोर होते. लेह, स्पितीला फिरायला जाणाऱ्यांनी फोन आणि पॉवर बँक रात्री झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवावी आणि ऊब आल्यावरच चार्जिंगला लावावी.

आता तुमच्या घराकडे येतो. लाईन बंद पडली की आमच्याकडे लाईनमन सगळी लाईन चालत तपासत बसत नाही. मध्यावर जातो, तिथून दोन्हीकडे टेस्ट घेतो. अर्धी लाईन सुटली. उरलेल्या अर्ध्याच्या पुन्हा मध्यावर. दोष तीनच प्रकारचे: तार तुटलेली, दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या, नाहीतर तार जमिनीला लागलेली. तुमची लाईन महावितरणच्या खांबापासून लॅपटॉपपर्यंत येते. मध्ये इन्व्हर्टर, अडॅप्टर, फायबरचा डबा, राउटर, वायफाय. तुमचा मध्य म्हणजे राउटर.

लॅपटॉपवर कमांडच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्यावर पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पुन्हा पुन्हा जातो आणि उत्तर यायला लागलेला वेळ दिसतो. तो पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ वर, हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. विंडोज असेल तर शेवटी ‘डॅश टी’ लिहा, म्हणजे थांबवेपर्यंत पिंग चालू राहील. मीटिंग सुरू करा आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा. कॉल अडखळला त्या क्षणी पहिल्या खिडकीतला आकडा दोन-चार मिलिसेकंदांवरून दीडशे-दोनशेवर उडाला, तर दोष घरात आहे, म्हणजे वायफायमध्ये. पहिली शांत आहे आणि दुसरीच गडबडली, तर दोष घराबाहेर आहे, आणि वीस हजारांचा राउटर आणूनही काही बदलणार नाही. दोन-तीन दिवस हे बघा, वेळा वहीत टिपून ठेवा. केबलवाल्याला फोन करताना ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘काल सव्वाचार ते साडेचार बाहेरचं पिंग बंद होतं, राउटर चालू होता’ असं सांगा. माणूस येतो.

तुमच्या नव्वदच्या कोड्याचं उत्तर मला जवळपास इथूनच दिसतंय. लॅन केबलमध्ये चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभर एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तरी नेट चालतं, दिवा लागतो, फक्त वेग गुपचूप शंभरवर उतरतो आणि मोजल्यावर चौऱ्याण्णवच्या आसपास दिसतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंकचा वेग बघा. लॅपटॉपला केबल लावून १००/१०० दिसलं, तर आधी केबल बदलून बघा. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. तरीही तेच राहिलं, तर राउटरचं किंवा फायबरच्या डब्याचं पोर्टच शंभरचं असण्याची शक्यता आहे. स्वस्तातल्या पुष्कळ राउटरांना अजूनही तसलीच पोर्ट असतात.

कनेक्टर स्वतः ठोकणार असाल तर रंगांचा क्रम टी५६८बी प्रमाणे, दोन्ही टोकांना सारखा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. तो पीळ गंमत म्हणून दिलेला नसतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून एकमेकांना मारतो तो त्या पिळामुळे. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत शिरून क्लिपखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर केबल ओढली की ताण सरळ त्या बारीक तारांवर येतो. आणि बाजारात ‘कॅट सिक्स’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती परत करा. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा, कुठून कुठे जाते ते. सिग्नल्समध्ये लेबल नसलेली तार ही न टाकलेली तार समजली जाते, आणि रात्री टॉर्च तोंडात धरून लाईन शोधायची वेळ आली की ते किती खरं आहे हे कळतं.

फायबरच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. कनेक्टरचे रंग बघा: हिरव्याला हिरवाच, निळ्याला निळाच. हिरव्याचं तोंड तिरपं कापलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. एकमेकांत घातले तर बसतात, पण प्रकाश वाया जातो. आणि तोंडाला बोट लावू नका. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो नऊ मायक्रॉनच्या आसपास असतो, बोटाचा तेलकटपणा त्याला पुष्कळ झाला. फायबरच्या डब्याचं सेटिंग्जचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की त्यावर आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. आकडा उणे पंचवीसच्या वर असेल तर ठीक, उणे सत्तावीसच्या खाली गेला की पावसाळ्यात लाल दिवा लागणार हे धरून चला आणि आधीच तक्रार नोंदवा.

लाईट. तुमच्या अर्ध्या तक्रारी इथे आहेत. इन्व्हर्टर असला तरी बदली होताना क्षणभर खंड पडतो, राउटर झोपतो आणि परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बहुतेक बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे त्यांना सरळ बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, मिळतो. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरांवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची अधिक-उणे खूण वाचून घ्या. मेशच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या मते तुमची पहिली खरेदी हीच असावी.

त्याच्याबरोबर अर्थिंग. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-दीडशेच दाखवत असेल, तर तुमच्या थ्रीपिनची तिसरी पिन फक्त दिसायला आहे, आणि तुम्ही लावलेला स्पाइक बस्टरही. एप्रिल-मेच्या वळिवात विजा कडाडतात तेव्हा हे सगळं अंगावर येतं. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेतातल्या खोलीपर्यंत कॅमेऱ्यासाठी तांब्याची लॅन केबल उघड्यावरून ओढतात, ते मी कुणालाही करू देत नाही. जवळपास कुठे वीज पडली तरी त्या तारेत दाब येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडून देणारा डबा) लावा. फायबरच्या केबलला आधारासाठी लोखंडी तार असते. ती भिंतीबाहेरच कापायची, घरात आणायची नाही.

एवढं झालं की मग मेश. जुन्या दगडी भिंतींच्या घरात एका राउटरचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, हे खरंच आहे. पण मेशचे डबे एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील, तर तीच भिंत त्यांच्याही आड येते. मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्या आणि तिथे साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा, लावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ पैकीच एक निवडा. मधले चॅनल शेजारच्या दोघांवर चढतात. कामाचा लॅपटॉप केबलवरच ठेवा. ज्या यंत्राला हलायचं नाही त्याला रेडिओ कशाला?

दुसरा रस्ता ठेवणं ही आमच्याकडे शिस्तच होती. लाईन असायची, तिच्याबरोबर रेडिओ असायचा, आणि दोन्ही गेले तर डाक घेऊन जाणारा डिस्पॅच रायडर. तुमच्यासाठी दुसरा रस्ता म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा सिमवर चालणारा राउटर. मात्र तो खरोखर दुसरा आहे का, ते तपासा. फायबरवाला आणि मोबाईल कंपनी वेगळी असली, तरी गावाच्या टॉवरकडे जाणारी फायबर त्याच रस्त्याच्या कडेने, त्याच चरातून गेलेली असू शकते. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने एक घाव घातला की दोन्ही बंद. पुढच्या वेळी फायबर तुटेल तेव्हा घरातल्या प्रत्येक सिमवर डेटा चालतो का ते बघून ठेवा. ज्या कंपनीचं सिम त्या दिवशी चालेल तो तुमचा दुसरा रस्ता, मग तिचा एरवीचा वेग कमी का असेना.

लॅपटॉप कुठला, हा प्रश्न राहिलाच. मी स्वतः कार्यालयीन श्रेणीचा वापरतो, लेनोव्होच्या थिंकपॅड किंवा डेलच्या लॅटिट्यूडसारखा. त्यांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच प्रसिद्ध करते, कीबोर्ड आणि बॅटरीसारखे भाग मिळतात, कराड-साताऱ्यातलाही कारागीर ते उघडू शकतो. चार वर्षं वापरलेला चांगला थिंकपॅड मला नव्या चकचकीत गेमिंग लॅपटॉपपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. रॅम बोर्डवरच डकवलेली आहे की काढता येते, ते घेण्याआधी विचारा.

काम आणि घर यांची यंत्रं वेगळी ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर मुलांचे गेम नकोत, गावात फिरणारे पेनड्राइव्ह नकोत. २००८ साली मध्यपूर्वेतल्या अमेरिकी तळावर एका पेनड्राइव्हमधून ‘एजंट डॉट बीटीझेड’ हा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, त्यांच्या लष्करी जाळ्यात शिरला, आणि पेनड्राइव्हवरच बंदी घालावी लागली. इराणच्या नतान्झमधली सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट हा तसाच किडा २०१० मध्ये उघड झाला, तिथलं जाळं तर इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. पेनड्राइव्हबद्दल मी घरातही कडक आहे ते यामुळेच. कामाच्या आणि फोटोंच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत काढून बघा.

सीसीटीव्हीबद्दल मला तळमळीने सांगायचंय, कारण गावोगाव कॅमेरे लागताहेत आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतोय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि राउटर साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. कॅमेऱ्यांचे मालक घरात निवांत बसलेले होते. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेतून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते, तेव्हा घेताना ते प्रमाणपत्र मागा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कॅमेरे राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाका, म्हणजे कॅमेरा कुणी ताब्यात घेतला तरी तुमचा लॅपटॉप त्याच्या हाती लागत नाही. आणि घराच्या आत, झोपायच्या खोल्यांकडे तोंड करून कॅमेरा लावूच नका.

स्मार्टवॉच घ्या, चांगलं आहे. फक्त धावण्याचा नकाशा सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपने जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ त्यात उजळून दिसताहेत. सैनिक रोज सकाळी तळाभोवती धावत होते, एवढंच झालं होतं. आपल्या सैन्यानेही जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर यांच्यासह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. घरचं कुणी फौजेत असेल, तर त्याची रजा, त्याची ट्रेन, त्याची पोस्टिंग यांचे फोटो टाकू नका, आणि वहिनी, आई, भाऊ यांनाही हे समजावून सांगा. त्याच बैठकीत हेही सांगा की व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन ‘एपीके’ फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) म्हणून आलं तर उघडायचं नाही, ओळखीच्या नंबरवरून आलं तरी नाही. पैसे गेलेच तर लाजून दोन दिवस घालवू नका. तासाभरात १९३० ला फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

शेवटी ट्रेकसाठी वॉकीटॉकी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, तेच घ्या. ऑनलाइन मिळणारे हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे स्वस्त संच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना नसेल तर हातात धरू नका. तुम्ही नकळत कुणाच्या तरी चॅनलवर बोलाल. खोक्यावर लिहिलेल्या दहा किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. या लहरी सरळ रेषेत जातात. सह्याद्रीत दोन शिखरांवरून लांबवर बोलता येईल, आणि सोंडेच्या पलीकडच्या घळीत उतरलेला सोबती अर्ध्या किलोमीटरवर असूनही ऐकू येणार नाही. म्हणून बोलणं लागत नसेल तेव्हा जागा बदला, उंचावर या, कातळापासून दूर सरका. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. संपर्काच्या वेळा आधी ठरवून घ्या, दर तासाला ठोक्यावर, म्हणजे मधल्या वेळात संच बंद ठेवून बॅटरी वाचते. आणि लागोपाठ दोन वेळा उत्तर आलं नाही तर मागच्या तुकडीने थांबायचं, खाली उतरायचं की शोधायला निघायचं, हे पायथ्याशी असतानाच ठरवून ठेवा.